घरातल्या सगळ्यांची एक कृतज्ञता-वही: घेण्याआधी कोणती पानं उघडून पाहावीत

कुटुंबाने मिळून लिहायच्या कृतज्ञता-वह्या आता भरपूर मिळतात. मुखपृष्ठ देखणं, कागद गुळगुळीत, पानापानावर एखादं सुवचन. पण यातल्या बऱ्याच वह्या महिनाभरात कपाटात जातात आणि दोष घरच्यांवर येतो: मुलं ऐकत नाहीत, मोठ्यांना वेळ नाही. पुष्कळदा खरं कारण वहीच्या रचनेत असतं. इथे छापील वही, चिठ्ठ्यांची बरणी आणि मोबाइलवरचं अ‍ॅप या तिन्हींचा विचार केला आहे. जास्त जागा वहीला दिली आहे, कारण श्रद्धेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं काम म्हणजे मागचं काढून पुन्हा वाचणं, आणि ते वहीत सगळ्यात सहज होतं.

वही हातात घेतली की पहिली पानं सोडा आणि सरळ मधलं कुठलंही पान उघडून तिथला प्रश्न वाचा. 'आज तुम्ही कशाबद्दल कृतज्ञ आहात?' एवढंच छापून खाली तीन रेघा असतील, पुढच्या पानावर तेच आणि त्याच्या पुढेही तेच असेल, तर ती वही ठेवून द्या. प्रश्न इतका मोकळा आहे की उत्तर मोघमच येणार. पहिल्या खेपेला 'आई, बाबा, घर', दुसऱ्या खेपेला 'आरोग्य, मित्र, देव', आणि तिसऱ्या खेपेला मूल पेन चावत बसतं, कारण त्याच्या मते सगळं लिहून झालेलं असतं.

चांगली वही नजर एका ठिकाणी नेऊन टेकवते. 'या आठवड्यात तुमच्या वाट्याचं कोणतं काम दुसऱ्या कोणी न सांगता केलं?' 'घरातली कोणती वस्तू रोज वापरता, पण बिघडली तरच आठवते?' 'कोण तुमच्यासाठी थांबलं?' अशा प्रश्नाला 'बाबा' एवढं उत्तर पुरत नाही. तिथे लिहावं लागतं: 'मंगळवारी माझ्या सायकलची चेन पडली होती. बाबांनी कामावर जायच्या आधी बसवली. त्यांची बोटं काळी झाली.' हे लिहिणाऱ्या मुलाने बोटांकडे पाहिलेलं असतं आणि वारही लक्षात ठेवलेला असतो. कृतज्ञतेची सवय म्हणतात ती इथे लागते, पाहण्यात. लिहिणं हे त्या पाहण्याचं निमित्त. त्यामुळे वहीत निदान पन्नासेक वेगवेगळे प्रश्न आहेत का, हे पानं उलटून मोजून घ्या. बारा प्रश्न आलटून-पालटून छापलेली वही तिसऱ्या महिन्यात शिळी होते.

प्रश्नाखाली 'हे का घडलं?' अशी वेगळी ओळ आहे का, तेही पाहा. ही ओळ नसलेली वही निम्मंच काम करते. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीचं कारण लिहायला सांगितलं होतं. लिहिणाऱ्यांच्या समाधानातली वाढ सहा महिन्यांनंतरही दिसत होती, विशेषतः ज्यांनी आपणहून लिखाण चालू ठेवलं त्यांच्यात. घरात या 'का'चा उपयोग आणखी खोल जातो. चेन का बसवली गेली? कारण बाबा त्या दिवशी दहा मिनिटं आधी उठले. म्हणजे कोणीतरी स्वतःची झोप दिली. मुलाला पहिल्यांदा दिसतं की सोय आपोआप होत नाही. तसंच एखाद्या आठवड्यात 'का'च्या पुढे काहीच लिहिता येत नाही. आजोबांचा ताप उतरला: औषध होतं, आजीचं जागरण होतं, आणि तरी काही आपल्या कोणाच्याच हातात नव्हतं. ती रिकामी राहिलेली जागा श्रद्धेबद्दल बोलायला फार चांगली असते. मोठ्यांनी तिथे घाईने उत्तर भरू नये.

आता रोजची वही की आठवड्याची? कुटुंबासाठी आठवड्याचीच घ्यावी, असं स्पष्ट मत आहे. चार माणसांना रोज एका वेळी एका जागी बसवणं कठीण, हे एक कारण. दुसरं कारण अभ्यासातून आलेलं आहे. सोन्या ल्युबोमिर्स्की, केनन शेल्डन आणि डेव्हिड श्काडे यांनी २००५ च्या लेखात एक सहा आठवड्यांचा प्रयोग मांडला आहे. आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं वाढलं नाही. वारंवार केलं की त्यातला ताजेपणा जातो, असा त्याचा अर्थ लावला जातो. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांच्या २००३ मधल्या गाजलेल्या अभ्यासातही पहिल्या प्रयोगात विद्यार्थी दहा आठवडे आठवड्यातून एकदाच लिहीत होते, जास्तीत जास्त पाच गोष्टी. हे सगळे प्रयोग एकेकट्या माणसांवरचे आहेत आणि त्यात दिसणारा फायदा माफक असतो, हे लक्षात असू द्या.

म्हणूनच मुखपृष्ठावर '२१ दिवसांत आयुष्य बदला' असं छापलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात एखादी साधी सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसात तो १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एकवीस दिवसांची वही संपते तेव्हा घरात सवय लागलेली नसते, फक्त वही संपलेली असते.

तारखा छापलेली वहीही टाळा. दोन आठवडे आजारपणात गेले की तारखा छापलेली दोन कोरी पानं कायमची डोळ्यांसमोर राहतात, आणि ज्या कामातून आनंद यायचा त्यातून अपराधीपणा येऊ लागतो. तारखेची जागा रिकामी असलेली वही कधीही सुरू करता येते, आणि खंड पडला तर पुढच्याच पानावर नवी तारीख घालून चालू ठेवता येते.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं एक पान आहे आणि बहुतेक वह्यांत ते नसतं: मागे वळून पाहायचं पान. दर चार आठवड्यांनी दोन समोरासमोरची पृष्ठं फक्त मागचं वाचण्यासाठी राखलेली असावीत. ५२ आठवड्यांची ५२ जोडपानं आणि मागे पाहायची १३, मिळून ६५ जोडपानं, म्हणजे १३० पृष्ठं. सुरुवातीची आणि शेवटची काही कोरी धरली तर १४४ पृष्ठांची वही वर्षाला पुरते. या पानावर तीन प्रश्न पुरेसे आहेत. या महिन्यात कोणाचं नाव सगळ्यात जास्त आलं? कोणाचं एकदाही आलं नाही? महिन्याच्या सुरुवातीला कशाची भीती होती आणि ती कशी निभावली?

दुसरा प्रश्न घराला हलवून सोडतो. प्रत्येक घरात एक माणूस असं असतं की ज्याचं काम दिसतच नाही, कारण ते कधी चुकत नाही. रात्री सगळे झोपल्यावर खिडक्या लावणारी आजी. कोणाला कधी कुठे जायचं आहे हे डोक्यात ठेवणारी आई. चार आठवड्यांच्या पानांत त्यांचं नाव शोधून सापडत नाही तेव्हा टेबलाभोवती जी शांतता पसरते, ती शांतता कोणी सांगून आणू शकत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं काम वेगळं. श्रद्धा शिकवायला बसलं की उपदेश होतो. पण 'चार आठवड्यांपूर्वी परीक्षेची इतकी भीती वाटत होती की तू जेवली नव्हतीस, हे बघ तुझंच अक्षर' असं म्हणत पान पुढे केलं की मुलीला पुराव्यासकट कळतं की आपण याआधीही निभावून आलो आहोत. पुढच्या संकटात टेकायला तिला काहीतरी मिळतं. वहीत हे पान छापलेलं नसेल आणि बाकी वही चांगली असेल, तर घ्यायला हरकत नाही. दर पाचव्या जोडपानावर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने खूण करून ती जागा आधीच राखून ठेवा.

काही वह्यांत प्रार्थनेचा तक्ता असतो: डावीकडे 'काय मागितलं', उजवीकडे 'मिळालं' आणि बरोबरची खूण करायला चौकोन. हा तक्ता काळजीपूर्वक वापरावा. मुलं चौकोन मोजू लागतात. दहापैकी सात खुणा, म्हणजे देवाला सत्तर टक्के, असा हिशेब लहान मुलाच्या मनात सहज तयार होतो आणि मग मूल न मिळालेल्या तीन गोष्टींचा राग धरून बसतं. त्यापेक्षा तीन रकाने आखा: 'काय मागितलं', 'काय झालं' आणि 'त्या काळात कोण सोबत होतं'. पहिल्या दोन रकान्यांना तारखेची जागा ठेवा. दोन तारखांमधलं अंतर पाहून वाट पाहणं म्हणजे काय ते मुलांना समजतं. तिसरा रकाना मागणं पूर्ण न झालेल्या ओळीतही बहुधा भरलेला असतो, आणि बोलायला सुरुवात करायची ती तिथूनच. उत्तर अजून आलं नसेल तर मधला रकाना कोरा सोडावा. 'देवाच्या मनात काहीतरी चांगलं असेल' असं वाक्य मोठ्यांनी मुलाच्या वतीने त्यात लिहू नये.

वाईट आठवड्यासाठी वहीत जागा आहे का, ही आणखी एक कसोटी. घरात मृत्यू झाला, नोकरी गेली, भांडण विकोपाला गेलं आणि पानावर मात्र 'आजचे तीन आनंदाचे क्षण लिहा' असं असेल, तर ती वही खोटं बोलायला भाग पाडते. मुलांना हा खोटेपणा मोठ्यांच्या आधी कळतो. चांगल्या वहीत 'गाऱ्हाणं' लिहायची चौकट असते. देवाशी भांडणारा माणूस देवाशी बोलतच असतो, संतांनीही ते केलेलं आहे. चौकट नसेल तर पानाचा खालचा एक तृतीयांश भाग त्यासाठी सोडा. तिथे लिहिलेल्याला कोणी लगेच उत्तर द्यायचं नाही, एवढा एकच नियम. पुष्कळदा पुढच्या महिन्याच्या मागे पाहायच्या पानावर त्याच गाऱ्हाण्याशेजारी लिहायला काहीतरी सापडतं. कधी सापडत नाही, तेव्हा ते तसंच राहू द्यावं.

वापरताना होणाऱ्या चुकांपैकी सगळ्यात घातक चूक मोठ्यांची असते: आभाराच्या वेषातली सूचना. 'तू या आठवड्यात एकदा तरी खोली आवरलीस, त्याबद्दल आभारी आहे.' या वाक्यातला 'एकदा तरी' मुलाला बरोबर टोचतो. त्यानंतर ते वहीजवळ नाखुशीने येतं. जे झालं तेवढंच लिहावं: 'शनिवारी तू न सांगता पुस्तकं लावलीस, मला दहा मिनिटं निवांत बसता आलं.' दुसरी चूक तुलनेची: 'कितीतरी मुलांना हेही मिळत नाही.' याने मुलाच्या मनात कृतज्ञतेऐवजी लाज उभी राहते, आणि दुसऱ्याचं दुःख आपल्या समाधानाचं साधन होऊन बसतं. तिसरी चूक शिक्षेची. भाऊ-बहीण भांडले की 'जा, एकमेकांबद्दल तीन चांगल्या गोष्टी लिहून आणा' असं कधीही सांगू नये. एकदा वही शिक्षेशी जोडली गेली की ती सोडवायला फार दिवस लागतात. शुद्धलेखन तर अजिबात तपासू नये.

वयाप्रमाणे अपेक्षा बदलावी लागते. चार-पाच वर्षांच्या मुलाने चित्र काढावं आणि खाली मोठ्यांनी त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहावेत, सुधारून नव्हे. सहा ते आठ वर्षांपर्यंत एक वाक्य पुरे. नवव्या वर्षापासून 'का'ची ओळ जमू लागते. तेरा-चौदाच्या पुढे खाजगीपणा लागतो, आणि तिथे बहुतेक कौटुंबिक वह्या तोकड्या पडतात. मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदी खिसा असलेली वही मिळाली तर उत्तम: तिथे घडी करून ठेवलेली चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या परवानगीशिवाय कोणी उघडायची नाही. खिसा नसेल तर एक पाकीट चिकटवून काम होतं.

कागद आणि बांधणीबद्दल थोडक्यात. ए-५ आकार, म्हणजे १४८ गुणिले २१० मिलिमीटर, चौघांना पुरतो: जोडपानावर प्रत्येकी अर्धं पृष्ठ मिळतं. याहून लहान वहीत मुलांचं अक्षर बसत नाही. कागद १०० जीएसएमचा (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन १०० ग्रॅम) घ्या. ७० जीएसएमच्या कागदावर स्केचपेन मागच्या पानावर उमटतं आणि तिथलं दुसऱ्याचं लिखाण खराब होतं. बांधणी शिवलेली हवी. फक्त गोंदाने चिकटवलेली वही मधोमध सपाट उघडत नाही. मुलं ती दाबून उघडतात आणि वर्षाच्या मध्यावर पानं सुटू लागतात. ओळखायचं असेल तर वही मधे उघडून आसपासची काही पानं उलटत खाचेत पाहा, कुठे दोऱ्याचे टाके दिसतात का ते. स्प्रिंगची वही सपाट उघडते खरी, पण तिची पानं सहज फाडता येतात, आणि रागाच्या भरात फाडलेलं पान परत येत नाही. ओळींमधलं अंतर सहा मिलिमीटर असेल तर ते फक्त मोठ्यांसाठी आहे. लहान मुलांना दहा मिलिमीटर तरी लागतं. दोघांची सोय होणारा मार्ग म्हणजे रेघा नसलेल्या चौकटी.

चिठ्ठ्यांची बरणी हा दुसरा प्रकार, आणि ज्या घरात लिहायचा कंटाळा आहे तिथे सुरुवात म्हणून ती वहीपेक्षा बरी. ए-४ कागदाचे आठ तुकडे केले की प्रत्येक चिठ्ठी ७४ गुणिले १०५ मिलिमीटरची होते. चौघांच्या ५२ आठवड्यांच्या २०८ चिठ्ठ्यांना २६ कागद लागतात. घड्या सैल राहतात, त्यामुळे दोनेक लिटरची, रुंद तोंडाची, पारदर्शक बरणी घ्या. भरत जाणारी बरणी लहान मुलांना दिसते, हा तिचा मोठा गुण. तयार संचांतल्या चिठ्ठ्या मात्र बहुधा फारच लहान असतात आणि त्यांवर तारखेची जागा नसते. तारीख नसलेल्या चिठ्ठ्यांचा वर्षाअखेर नुसता ढीग होतो, आधी काय आणि नंतर काय ते कळत नाही, आणि मागे वळून पाहण्याचं सगळं काम तिथेच अडतं. प्रत्येक चिठ्ठीवर तारीख आणि नाव आधी, मजकूर नंतर, ही शिस्त पहिल्या दिवसापासून लावा. २०८ चिठ्ठ्या एका बैठकीत वाचायचा घाटही घालू नका. वीस-पंचवीस झाल्या की लहान मुलं उठतात. दर महिन्याला थोड्या वाचून, तारखेप्रमाणे दोऱ्यात ओवून ठेवाव्यात.

अ‍ॅपची शिफारस एकाच परिस्थितीत: घरची माणसं वेगवेगळ्या गावी राहतात तेव्हा. लिहायला न जमणाऱ्या आजी-आजोबांना आवाजात बोलून ठेवता येतं, हा अ‍ॅपचा खरा फायदा, आणि तो आवाज पुढे अमोल ठरतो. घेण्याआधी तीन गोष्टी तपासा: सगळ्या नोंदी फाइल म्हणून बाहेर काढता येतात का, इंटरनेट नसताना लिहिता येतं का, आणि सलग दिवसांची मोजणी बंद करता येते का. ही मोजणी फार नुकसान करते. चाळीस दिवस लिहून एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो, आणि त्या शून्याकडे पाहून माणूस सोडून देतो. शिवाय आठवणीची सूचना पाहायला हातात घेतलेला फोन लगेच खाली ठेवला जात नाही.

वही आणलीत तर बैठक पंधरा मिनिटांच्या वर नेऊ नका. आठवड्यातला असा वार निवडा की सगळे एकत्र जेवतात, आणि जेवण झाल्यावर टेबल आवरायच्या आधी बसा. आधी आवरायला उठलं की माणसं पांगतात. पहिली दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही, फक्त आठवडा आठवायचा. पुढची सहा-सात मिनिटं लिहायला, आणि वही एकच असल्याने पाळीपाळीने: आधी सगळ्यात लहान, शेवटी सगळ्यात मोठं. मोठ्यांनी आधी लिहिलं की मुलं त्याचीच नक्कल करतात. ज्याची पाळी नाही त्याने सुट्या कागदावर खरडून ठेवावं. उरलेल्या वेळात ज्याला वाचून दाखवायचं असेल त्याने वाचावं आणि ज्याला नको त्याला आग्रह नाही. ज्याच्याबद्दल वाचलं गेलं त्याने फक्त ऐकायचं. 'त्यात काय एवढं' म्हणून झटकून टाकायचं नाही. मोठ्या माणसांना हे फार जड जातं, पण मुलं आभार स्वीकारायला त्यांच्याकडूनच शिकतात. पेन वहीलाच दोऱ्याने बांधून ठेवा. पेन शोधण्यात पाच मिनिटं गेली की बैठक मोडते.

वर्ष संपलं की दुसरी वही त्याच आकाराची आणा, म्हणजे दोन्ही शेजारी उघडून एकाच आठवड्याची पानं समोरासमोर ठेवता येतात. आणि जुनी वही मिटण्याआधी तीन रकान्यांच्या तक्त्यातल्या ज्या ओळींचा मधला रकाना अजून कोरा आहे, त्या ओळी मूळ तारखांसह नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. ज्याची ओळ त्यानेच उतरवायची.